तोंडाची कोरड आणि बाईचं ताट

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आज मी थुंकीबद्दल बोलणार आहे. हसू नका. आपल्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आटते तेव्हाच तिची किंमत कळते.

तोंडाच्या कॅन्सरवर रेडिएशन, म्हणजे बाया ज्याला 'शेक' म्हणतात, ते सहा-सात आठवडे चालतं. कानाखालच्या, जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथी किरणांच्या वाटेत येतात आणि जळतात.

माझ्याकडे आलेली एक बाई मिश्री लावायची. शेक संपून आठ महिने झाले होते. गाठ गेली, म्हणजे घरच्यांच्या लेखी ती बरी झाली. चूल परत तिच्याकडे. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर ती बसायची. वाट्याला गार, वाळलेली भाकरी आणि तिखट कालवण. घास तोंडात फिरत राहायचा, उतरायचा नाही. भाकरी पाण्यात कुस्करून खाऊ लागली तर सासू म्हणाली, "नखरे आहेत." रात्री चार-चारदा पाण्यासाठी उठायची. दात किडू लागले.

मी तिच्या कागदावर 'नैराश्य' असं लिहिलं होतं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत लाळेबद्दल कुणी शिकवलं नाही, हे खरं. पण काय जेवता, कधी जेवता, एवढंही मी विचारलं नव्हतं.

ग्रंथी बऱ्याचदा वाचवता येतात. 'आय.एम.आर.टी.' तंत्रात किरणांचा मारा ग्रंथींवर कमी ठेवता येतो. ब्रिटनमधल्या 'पार्स्पोर्ट' चाचणीचे निष्कर्ष २०११ साली आले : वर्षभरानंतर त्रासदायक कोरड जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना होती, या पद्धतीत ३८ टक्के. गाठ कुठे आहे त्यावरही ते अवलंबून असतं. पण हे बोलणं होतं नवऱ्याशी, भावाशी. बाई बाहेर बाकावर बसलेली असते.

म्हणून पहिल्या शेकाआधीच तिच्यासोबत जा. तिच्यासमोर विचारा : ग्रंथी वाचतील का? इथे होत नसेल तर कुठे होईल? दात तेव्हाच तपासून घ्या. खराब दात शेकानंतर काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. नंतर फ्लोराईड, घोट घोट पाणी, पातळ आणि बिनतिखट जेवण.

त्या बाईच्या घरी मी तीनदा गेले. आता तिखट पडण्याआधी वरणाची एक वाटी बाजूला निघते. काढते तीच, पण निघते. जेवायला मात्र ती अजून सगळ्यांनंतरच बसते.