मद्यपान आणि शरीरप्रकृति
(रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं मद्यासारखा विषय घेऊन उभें राहणें कित्येकांस औचित्यास सोडून वाटेल. चिटणिसांनीं मला "आरोग्यावर कांहीं तरी बोला" एवढेंच सांगितलें होतें. परंतु ज्या मांडवांत आपण आज बसलों आहों, त्याच मांडवाच्या मागें सायंकाळीं काय चालतें हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. म्हणून हाच विषय मीं मुद्दाम निवडला. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाहीं. तें काम वेदीवरून होतच असतें. मी वैद्यकीचा धंदा करणारा मनुष्य. पोटांत गेलेल्या मद्याचें पुढें काय होतें, एवढेंच सांगणार आहें.

अन्न पचावें लागतें, मद्य पचावें लागत नाहीं. जठर व लहान आंतडें यांतून तें सरळ रक्तांत उतरतें आणि थोड्याच वेळांत मेंदूपर्यंत पोहोंचतें. तें नाहींसें करण्याचा बहुतेक भार एकट्या यकृतावर पडतो. यकृत त्याचें प्रथम ॲसिटाल्डिहाइड नांवाच्या विषारी द्रव्यांत आणि मग निरुपद्रवी ॲसिटेटमध्यें रूपांतर करितें; पण तें आपल्याच चालीनें, तासाला सुमारें ७ ते १० ग्रॅम. आतां हिशेब पाहा. ३० मिलिलिटरच्या एका पेगांत सुमारें १० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे १८० मिलिलिटरची एक क्वार्टर निस्तरावयास यकृतास सहा तासांहून अधिक वेळ लागतो. लिंबू, काळी कॉफी किंवा डोक्यावर ओतलेली थंड पाण्याची बादली यांनीं ही चाल तिळभरहि वाढत नाहीं. "मी तर नुसती बिअर घेतों" असें म्हणणारे तरुण मला नेहमीं भेटतात. शेंकडा आठ टक्के मद्यार्काच्या ६५० मिलिलिटर बिअरींत चार पेगांइतका मद्यार्क असतो, हें ऐकून त्यांची मुद्रा पाहण्यासारखी होते.

रोज असा भार पडला कीं यकृतांत प्रथम चरबी सांचते. या वेळीं दुखत कांहींच नाहीं, आणि तीच फसगत आहे. मद्य येथेंच सोडलें तर ही चरबी बहुधा कांहीं आठवड्यांत ओसरते. न सोडलें तर यकृतास सूज येते, आणि शेवटीं व्रण पडून तें कठीण होतें. मग कावीळ, जलोदर, रक्ताची उलटी. व्रण झालेला भाग पूर्ववत् करणारें औषध माझ्या पेटींत नाहीं. कर्करोगाविषयींहि संशय उरलेला नाहीं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें १९८८ सालींच मद्यास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत घातलें. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठें आंतडें आणि स्त्रियांचें स्तन हीं त्याचीं स्थानें. गरोदर स्त्रीनें तर एक घोटहि घेऊं नये. तो गर्भापर्यंत जातो. "थोडी घेतली तर हृदयास बरी" असें पूर्वीं आमचे डॉक्टरच सांगत. परंतु मद्याचें कोणतेंहि प्रमाण निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें त्याच संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट केलें आहे. काना गांवच्या लग्नाचा दाखला मला दरवर्षीं कोणी तरी ऐकवितो. तो ऐकविणाऱ्याच्या हातांत पेला असतो, हा योगायोग नव्हे.

आतां आपल्या खानदेशाकडे वळूं. जळगांव-भुसावळचा पारा वैशाखांत ४५ अंशांवर जातो. मद्य मूत्राचें प्रमाण वाढवून शरीरांतील पाणी बाहेर टाकतें. केळीच्या बागेंत किंवा जिनिंगमध्यें दिवसभर राबून जो तहान दारूनें भागवितो, त्यास उष्माघाताचा धोका अधिक. सातपुड्याच्या कुशींतील आपल्या भिल्ल व पावरा बांधवांत सिकलसेलचा विकार पुष्कळ आढळतो. त्या रोग्याचें पाणी कमी झालें कीं रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. ज्यांच्या घरीं हा विकार आहे त्यांनीं सणाचा घोटहि टाळावा.

मोहाची घरची दारू शुद्ध, असें पाड्यापाड्यांवर ऐकूं येतें. मोहाचें फूल निर्दोष आहे, वाळवून भाजून खावें; परंतु भट्टींतून उतरतो तो मद्यार्क बाटलींतल्यासारखाच. गूळ-नवसागराची हातभट्टी त्याहून वाईट, आणि तींत मिथिल मिसळलें तर बोलावयासच नको. त्याचें शरीरांत फॉर्मिक ॲसिड बनतें आणि डोळ्यांची मज्जा जळते. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणींत अशाच दारूनें शंभरांहून अधिक माणसें गेलीं. दारू प्याल्यावर दुसऱ्या दिवशीं दृष्टि धूसर झाली, तर "उतरेल" म्हणून निजूं नये; तत्काळ धुळ्याचें किंवा जळगांवचें शासकीय रुग्णालय गांठावें.

लोक सोडतात का? सोडतात. १९३८ सालीं त्या वेळच्या पश्चिम खानदेशांत, तळोदें तालुक्यांतील मोरवड येथें गुला महाराज या भिल्ल समाजांतील सत्पुरुषानें आरती सुरू केली. स्नान करा, दारू सोडा, हा त्यांचा सांगावा. हजारों लोक जमत, एकमेकांस "आप की जय" म्हणत. त्याच वर्षीं ते निवर्तले. त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं कार्य पुढें चालविलें. धर्म आपला नव्हे, म्हणून त्यांचा धडा परका ठरत नाहीं. बरोबर शंभर वर्षें आधीं, १८३८ सालीं, आयर्लंडांतील कॉर्क शहरीं कॅपुचिन फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनीं हेंच केलें होतें. त्यांच्यापुढें लक्षावधि लोकांनीं शपथ घेतली. एकट्यानें सोडणें कठीण. शेजारच्या घरींहि भट्टी विझली कीं तें सोपें होतें, असें मला वाटतें.

आणि म्हणूनच एक गोष्ट आज सांगितल्यावांचून मला बसतां येत नाहीं. महोत्सवाच्या प्रतिज्ञेचा पट बाहेर मांडला आहे. त्यावर नांवें पडोत. परंतु जो सकाळीं उठल्याबरोबर पितो, दारू मिळेपर्यंत ज्याचे हात कांपतात, त्यानें आज रात्रीं सही करून उद्यां एकाएकीं बंद करूं नये. वर्षानुवर्षें दाबलेला मेंदू दाब निघतांच उसळतो. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास ताप, घाम, भ्रम, भिंतीवर किडे दिसणें सुरू होतें. घरचे भूतबाधा समजून अंगारा लावतात, आणि वेळेवर उपचार न झाल्यास असा मनुष्य दगावतोहि. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं कांहीं दिवस औषधें व बी-१ जीवनसत्त्वाचीं इंजेक्शनें दिलीं, तर हाच काळ सुखरूप पार पडतो. भगिनींनो, हें तुम्हांस विशेषेंकरून सांगतों. कारण त्या रात्रीं जागी तुम्हीच असतां.

असा कोणी आपल्या घरीं असेल तर त्यानें सही खुशाल करावी, पण तारीख माझ्याशीं बोलून घालावी. पंगत उठल्यावर मी वाचनालयाच्या ओट्यावर बसलों आहें. नांव विचारणार नाहीं.