घरी बसलेला आणि कामावर असलेला

(पुण्यात तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला 'कोविड आणि नोकरी' असा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरवाला, आकडे-बिकडे सांगेन अशी त्यांची अपेक्षा असणार. थोडे आकडे सांगतो. पण मला खरं बोलायचंय ते हसदबद्दल. दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच.

'फर्लो' हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल. आपल्याकडे तो तुरुंगाच्या बातम्यांत येतो, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मिळणारी रजा म्हणून. मी तेव्हा इंग्लंडमध्ये, लेस्टर शहरात नोकरी करत होतो. मार्च २०२० मध्ये कंपनीच्या मेलमध्ये हा शब्द पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा येरवडाच आठवलं. तिथं त्याचा अर्थ वेगळा होता. २० मार्चला तिथले अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी योजना जाहीर केली. काम बंद पडलं म्हणून कंपनीनं माणसाला काढू नये, घरी बसवावं. त्याच्या पगाराचे ८० टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, सरकार देईल. वरचे २० टक्के द्यायचे की नाही, ही कंपनीची मर्जी. योजना लांबत लांबत सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली. सुमारे १ कोटी १७ लाख नोकऱ्या कधी ना कधी तिच्यात आल्या आणि सुमारे ७० अब्ज पौंड खर्च झाले.

योजना चांगली होती, हे आधी सांगून टाकतो. आपल्याकडे २९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयानं आदेश काढला की बंद काळातला पगार मालकांनी कापू नये. त्यासाठी सरकारनं स्वतःचा पैसा मात्र घातला नाही, आणि १८ मेपासून तो आदेशही राहिला नाही. त्यामुळे तिथल्या योजनेला नावं ठेवायला मी इथं उभा नाही.

पण तिच्यात एक अट होती. फर्लोवरच्या माणसानं आपल्या कंपनीसाठी काहीही काम करायचं नाही. साध्या मेललाही उत्तर द्यायचं नाही. दोघांनी अर्धं-अर्धं काम वाटून घ्यावं, तर १ जुलैपर्यंत तशी सोयच नव्हती. जर्मनीत कुर्त्सआर्बाइट नावाची जुनी पद्धत आहे. तिच्यात माणसांचे तास कमी करता येतात आणि बुडालेल्या पगाराचा काही हिस्सा सरकार भरून देतं. आमच्याकडे सुरुवातीला एकतर शून्य, नाहीतर एक. आम्हा लोकांना शून्य आणि एक आवडतात, पण एका घरात राहणाऱ्या दोन माणसांपैकी एक शून्य आणि एक एक झाला की काय होतं, ते मी पाहिलं.

आमची टीम आठ जणांची. त्यातले तिघं फर्लोवर गेले. यादी कोणी केली, कशावरून केली, कळलं नाही. विचारलंही नाही. त्या तिघांपैकी एक माझ्याच घरात राहायचा. सोलापूरचा, टेस्टिंगचं काम करणारा, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो. दोघंही एकटे होतो, बायका-मुलं इकडे. भाड्याचं छोटं घर, खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, मागं चार पावलांचं अंगण.

आठ जणांचं काम पाच जणांवर आलं. मी सकाळी नऊला जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचो, रात्री दहा-अकराला मिटायचो. खिडकीतून मागचं अंगण दिसायचं. आणि त्या वर्षी ऊन असं पडलं की विचारू नका. ब्रिटनमध्ये नोंदी ठेवायला लागल्यापासून तोपर्यंतचा सगळ्यात जास्त उन्हाचा वसंत ऋतू तो. सकाळी नऊला माझी मीटिंग सुरू झाली की भाई चहाचा कप घेऊन बाहेर जायचा. जुन्या बादलीत त्यानं मेथी लावली होती. कोथिंबीरही. तो खाली बसून माती उकरत असायचा आणि मी आत स्क्रीनवरच्या पाच तोंडांकडे बघत असायचो. मनात हिशोब चालायचा. याला अडीच हजार पौंड मेथी लावायचे मिळतात. मला थोडे जास्त मिळतात, तेही मान मोडेपर्यंत बसून.

एप्रिलच्या शेवटी रमजान सुरू झाला. मशिदी बंद होत्या, तरावीह घरीच. रोजा सुरुवातीलाच सोळा-सतरा तासांचा, पुढं आणखी वाढत गेलेला. भाई रात्री उशिरापर्यंत कुराण वाचत बसायचा, सहेरीनंतर फज्र पढून झोपायचा, उठून पुन्हा वाचायचा. त्या महिन्यात त्याचं एक खतम पूर्ण झालं आणि दुसरं निम्म्यावर आलं. माझा पाचवा पारासुद्धा पुरा होत नव्हता. तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण मला त्याच्या इबादतीचाही राग यायचा. घरी बसून पगार आणि वर सवाबही, असं मी एकदा फोनवर माझ्या बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "अहो, रोजा आहे ना तुमचा?" मी विषय बदलला.

आपल्या घरांत लहानपणापासून फरक शिकवतात. दुसऱ्याची नेमत पाहून तशीच मलाही मिळावी असं वाटणं म्हणजे रश्क, आणि त्याच्याकडची जावी असं वाटणं म्हणजे हसद. मी मनाला सांगत होतो की हा रश्क आहे. दमलोय, थोडी रजा हवीये, एवढंच. पण खरं तपासलं असतं तर मला फर्लो नको होता. कंपनीनं मला ठेवून घेतलं याचा आतून अभिमानच होता. मला फक्त त्याचं ऊन नको होतं. मग त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मे महिन्यात एकदा रात्री आमचं सॉफ्टवेअर कोसळलं. बिघाड त्या भागात होता जो भाईला तोंडपाठ होता. मी त्याच्या खोलीचं दार वाजवलं. "भाई, दोनच मिनिटं, फक्त एवढं सांग की ही चाचणी कुठं ठेवली होती?" त्यानं स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "मला विचारू नको. मी बघणार नाही." मी पहाटे तीनपर्यंत एकटा झगडलो. ऐतखाऊ, असं मनात म्हणालो.

नियम मला माहीत होता. फर्लोवरच्यानं काम केलं असं निघालं तर सरकार कंपनीकडून पैसे परत मागू शकत होतं. भाई आणि मी दोघंही कंपनीनं प्रायोजित केलेल्या व्हिसावर. नोकरी गेली की व्हिसा जाणार. जो माणूस आधीच यादीत आहे, तो मध्यरात्री दोन मिनिटांसाठी हा धोका का घेईल? हे मला समजत होतं. तरी ऐतखाऊच म्हणालो.

आता त्याची बाजू. ही मला तेव्हा माहीत नव्हती, नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळली. त्याचा पगार महिन्याला ३,२०० पौंड होता. ८० टक्के म्हणजे २,५६०, पण मर्यादा २,५०० ची, म्हणजे दरमहा ७०० पौंडांचा खड्डा. वरचे द्यायला कंपनीनं नकार दिला होता. सोलापुरात घराचे हप्ते चालू. त्याचा भाऊ टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला, २५ मार्चपासून कारखाना बंद. मालकानं एका महिन्याचे निम्मे पैसे दिले आणि फोन उचलायचं बंद केलं. भावाच्या घरचं भाईच बघत होता. पण घरी बसून पगार मिळतोय हे तो भावाला सांगू शकत नव्हता. एकदा बोलून गेला, तर भाऊ म्हणाला, "तुझं नशीब बघ, आणि आमचं बघ." त्यानंतर तो घरी फोनवर काम चालू असल्याचं सांगायचा. म्हणजे मी भाईवर जळत होतो, त्याचा भाऊ त्याच्यावर जळत होता, आणि तो माझ्यावर. आमच्या शेजारी एक बाई होत्या, वृद्धाश्रमात कामाला, रोज बसनं जायच्या. त्या आमच्या घराकडे बघून काय म्हणत असतील कोण जाणे. आम्ही दोघंही त्यांच्या हिशोबात घरात सुरक्षित बसलेलेच.

आणि ते अंगण. खूप नंतर तो मला म्हणाला, "नऊ वाजले की तुझी मीटिंग सुरू व्हायची. सगळ्यांचे आवाज यायचे. माझ्याच टीमचे. तुम्ही हसायचा. घर एवढंसं, कान कुठं ठेवू? म्हणून बाहेर जाऊन बसायचो."

मी त्याचं ऊन मोजत होतो. तो माझ्या टेबलावरून येणाऱ्या आवाजापासून पळत होता.

जूनच्या अखेरीस लेस्टरमध्ये पुन्हा कडक बंदी आली. इंग्लंडमधलं बाकी सगळं उघडत होतं आणि आमचं शहर एकटं बंद, अशी ती पहिली स्थानिक टाळेबंदी. पण १ जुलैपासून फर्लोचा नियम सैल झाला होता. माणसाला आठवड्यातले काही दिवस कामावर घेता येत होतं, उरलेल्या दिवसांचे पैसे सरकारकडून. जुलैत एका दुपारी मॅनेजरनं मला फोन केला. म्हणाला, टेस्टिंगसाठी एका माणसाला आठवड्यातून दोन दिवस आणता येईल, मंगळवार आणि गुरुवार. तुम्हाला गरज आहे का?

भाई तेव्हा आत भाकरी थापत होता. सोलापुरी माणूस, लेस्टरमध्येही ज्वारीचं पीठ शोधून आणायचा.

मी म्हणालो, "तशी गरज नाही. आमचं भागतंय."

भागत नव्हतं. आदल्या रात्री मी बारा वाजता लॅपटॉप मिटला होता. मग असं का म्हणालो? एक म्हणजे, मी एकटा पुरा पडतो हे साहेबाला दिसावं. दुसरं जे होतं, ते शब्दांत असं आलं नव्हतं, पण होतं. बसू दे ना मग, इतकं ऊन आहे तर.

सप्टेंबरपासून सरकार आपला वाटा ८० वरून ७० टक्के करणार होतं, ऑक्टोबरमध्ये ६०. उरलेलं कंपन्यांनी भरायचं. स्वतःच्या खिशातून जायची वेळ आली तशा बऱ्याच कंपन्यांनी घरी बसलेल्यांकडे पाहायला सुरुवात केली. ऑगस्टच्या शेवटी भाईला एक महिन्याची नोटीस आली. कारण लिहिलं होतं की त्याच्या कामाशिवाय टीम चालते, असं गेल्या काही महिन्यांत दिसून आलं आहे.

३१ ऑक्टोबरला योजना संपणार होती. त्याच संध्याकाळी ती पुढं वाढवल्याची घोषणा झाली. अगदी शेवटच्या दिवशी. भाईची नोकरी संपून महिना झाला होता. २३ सप्टेंबरला पगारपत्रकावर असलेल्या माणसाला कंपनी पुन्हा घेऊन फर्लोवर ठेवू शकत होती, नियमात तशी सोय होती. त्यानं विनंती केली. कंपनीनं नाही म्हटलं. प्रायोजित व्हिसावर नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला ६० दिवस देत. त्या थंडीत कोण मुलाखती घेत होतं? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्याला हीथ्रोला सोडून आलो. मेथीची बादली अंगणातच राहिली.

माझ्या एका वाक्यामुळे त्याची नोकरी गेली, असं मी म्हणणार नाही. कंपनीचे स्वतःचे हिशोब असतात. 'हो, गरज आहे' म्हणालो असतो तरी कदाचित हेच झालं असतं. पण मला विचारलं गेलं होतं, आणि मी खोटं बोललो होतो. ज्यांनी ती यादी केली, ज्यांनी वरचे सातशे पौंड दिले नाहीत, त्यांच्याबद्दल सहा महिन्यांत मला एकदाही राग आला नाही. त्यांच्याशी मी गोड बोलत होतो. सगळा राग चार पावलांवर बसलेल्या माणसावर. तुमच्यापैकी बरेच जण हिंजवडीला, खराडीला कामाला आहात. कुणी बेंचवर आहे, कुणी दोघांचं काम करतंय. बेंचवरचा मजा करतोय असं कँटीनमध्ये ऐकलं असेल, कदाचित म्हणालाही असाल. आम्ही दोघांनी एक दिवस आपापल्या पगाराच्या पावत्या त्या टेबलावर समोरासमोर ठेवल्या असत्या तर बरंच काही मिटलं असतं, असं मला वाटतं. पगार कुणाला सांगू नये ही शिकवण आपल्याला कुणी दिली आणि तिचा फायदा कुणाला होतो, यावर जेवताना बोलू.

दोन वर्षं मी भाईला हे सांगितलं नाही. ईदला फोन व्हायचे, मुलांच्या शाळेचं बोलणं व्हायचं. मग मी भारतात परत आलो, आणि एका रात्री फोनवर सगळं सांगून टाकलं. तो फोन, "भागतंय" हा शब्द, सगळं.

तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं फोन कट झाला. मग त्यानं विचारलं, "कुठले दोन दिवस म्हणालास?"

मी म्हणालो, "मंगळवार आणि गुरुवार."

"हं," म्हणाला. मग म्हणाला, धाकटीला ताप आहे, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी त्याचा खरंच फोन आला. ताप उतरला होता. त्या विषयावर तो काही बोलला नाही, मीही नाही. फोन ठेवताना म्हणाला, "सोलापूरला ये कधीतरी. बायको-मुलांना घेऊन ये."

आता तो तिथंच, घरून एका कंपनीचं काम करतो. पुण्याहून गाडीनं चार-पाच तास. मी अजून गेलेलो नाही.