परदुःख आणि आपुले भय

(महोत्सवी सभेतील भाषण)



सहानुभूतीविषयी चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. गोड शब्दाविषयी गोड बोलणे फारसे कठीण नाही. म्हणून तो शब्द बाजूस ठेवून आम्ही एक हकीकत आपणांपुढे ठेवितो.

मुरलीधर देवीदास आमटे, ज्यांस पुढे सारे जग बाबा आमटे म्हणू लागले, हे १९१४ साली हिंगणघाट येथे एका सधन घराण्यात जन्मले. वकिली करणारा हा गृहस्थ वरोरा गावी सफाईकामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहू लागला. असे काम करीत असता एका पावसाळी रात्री तुळशीराम नावाचा महारोगी वाटेत पडलेला त्यांनी पाहिला. बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. आमटे भ्याले व घरी निघून गेले. आगगाडीत एका स्त्रीस छळणाऱ्या गोऱ्या सोजिरांशी हाच पुरुष एकटा भिडला होता, व त्याबद्दल गांधीजींनी त्यास 'अभयसाधक' म्हटले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

आमच्या मते ह्या कथेचे मर्म पुढील शुश्रूषेपेक्षा ह्या मधल्या काळात आहे. आपण त्या जागी असतो तर भयास निराळी नावे दिली असती: आरोग्याचे नियम, मुलाबाळांची काळजी, इस्पितळाचे काम. ही नावे अगदीच खोटी नाहीत, म्हणूनच ती सोयीची. आमटे ह्यांनी भयास भयच म्हटले. मग ते परत गेले, त्या रोग्यावर आडोसा उभारला, त्यास जेवू घातले.

स्वतःच्या मनाकडे असे पाहिल्यावर त्यांस रोग्याचेही मन दिसू लागले. त्याची पीडा केवळ व्रणांची नव्हती; आपण कोणाच्याही उपयोगाचे नाही, हे दुःख त्याहून मोठे होते, आणि भिक्षेने ते वाढतेच. आमटे ह्यांनी कलकत्त्यास जाऊन ह्या रोगाचे शिक्षण घेतले, १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली, आणि वरोऱ्याजवळील खडकाळ रानात रोग्यांच्याच हाती कुदळ दिली. तेच आजचे आनंदवन.

आपणांस येथे फादर डेमियन ह्यांचे स्मरण झालेच असेल. १८७३ साली, म्हणजे ज्या वर्षी नॉर्वेत हान्सेन ह्यांस ह्या रोगाचा जंतू सापडला त्याच वर्षी, ते मोलोकाई बेटावर उतरले. रोग्यांची दुर्गंधी त्यांस सोसवेना; ती मारण्यासाठी ते चिलीम ओढू लागले, आणि हे त्यांनी लपविले नाही. प्रवचनात मात्र ते 'आम्ही महारोगी' असे म्हणत, तेही स्वतःस रोग जडण्यापूर्वीच.

आज औषधांच्या संयोगाने सहा महिन्यांत अथवा वर्षभरात हा रोग बरा होतो. तरीही जोडीदाराचा महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या देशाच्या कायद्यांत होते. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातही होते. संसदेने ते २०१९ साली काढून टाकिले. घरांतील स्थिती निराळी आहे. गोळ्या पूर्ण घेऊन परतलेल्या माणसाचा पेला आजही कित्येक स्वयंपाकघरांत वेगळ्या फळीवर असतो, आणि तो तेथे कोणी ठेविला असे विचारले तर घरातील प्रत्येकजण दुसऱ्याचे नाव सांगतो.