वाचन-चर्चा कशी चालवावी?

(वार्षिक संमेलनाच्या विद्यार्थी-सत्रात वाशीम येथे केलेले भाषण)



ज्या नगरीत आज आपण जमलो आहोत, तिचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ह्याच नगरीत झाला, अशी कथा राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सांगितली आहे. असा वारसा असूनही आपली मुले चारचौघांत एखाद्या पुस्तकाविषयी बोलावयास उठली की त्यांचा घसा कोरडा पडतो, ही टोचणी आम्हांस फार दिवसांची आहे.

गतवर्षी विद्यार्थी-मंडळाची चर्चा चालविण्याचे काम आमच्याकडे आले. नेमलेले पुस्तक महात्मा फुले यांचे १८८३ सालचे ‘शेतकऱ्याचा असूड’. पहिल्या बैठकीत पाऊण तास आम्हीच बोललो. मुलांनी माना डोलावल्या आणि आम्ही धन्यता मानली. अखेरीस एक साधा प्रश्न विचारला, तेव्हा कळले की निम्म्या मुलांनी पुस्तक उघडलेच नव्हते. दोष त्यांचा नव्हता. चालकाने उत्तर आधीच सांगून टाकल्यावर पुस्तक उघडावे तरी कशाला?

खुद्द ग्रंथकर्त्याची रीत निराळी होती. पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी जमलेल्या मंडळींपुढे जोतीरावांनी हे लेखन वाचून दाखविले होते. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांच्याच कानांवर ते घातले.

दुसऱ्या बैठकीपासून आम्ही तीन नियम पाळले. उतारा पाळीपाळीने मोठ्याने वाचावयाचा. आपले म्हणणे पुस्तकातील जागा दाखवून मांडावयाचे. आणि चालकाने सर्वांच्या शेवटी बोलावयाचे.

त्या दिवशी रिसोडकडील एका मुलीने विचारले, “ग्रंथकर्ता अविद्येला दोष देतो. माझे वडील बारावीपर्यंत शिकले आहेत; तरी सोयाबीन विकून कर्ज फिटत नाही. मग पुस्तक चुकले काय?” मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी तिला गप्प करू पाहिले. उत्तर आमच्याजवळही नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, “बाळ, आपण पुस्तकातच शोधू.” एका विद्यार्थ्याने शेवटचे प्रकरण काढले. तेथे विद्येबरोबरच बांध-तलावांचे पाणी आणि जनावरांची चांगली पैदास ह्यांचीही मागणी आहे. “म्हणजे विद्या एकटी पुरत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते,” तो म्हणाला. “आणि मालाचा भाव?” दुसऱ्याने विचारले. वाद दिवेलागणीपर्यंत चालला. मुलीचे पुरते समाधान झाले नाही. पण वडिलांना वाचून दाखविण्यासाठी पुस्तक तिने घरी नेले. चर्चेचे सार्थक आम्ही ह्यातच मानतो.

बंधूंनो, जातिभेदावर कठोर प्रहार करणारा हा ग्रंथकर्ता आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेलाही अडचणीचे प्रश्न विचारतो. ते प्रश्न आम्ही चर्चेतून वगळले नाहीत. आपणही वगळू नयेत. आणि घरी लेकरू पुस्तकाविषयी काही बोलू लागले, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.