फेलिसिटी केंडल : दौऱ्यावरच्या रंगमंचापासून घराघरातल्या पडद्यापर्यंत

फेलिसिटी केंडल यांचा जन्म २५ सप्टेंबर १९४६ रोजी इंग्लंडमध्ये वॉरिकशायर परगण्यातील ऑल्टन येथे झाला. वडील जेफ्री आणि आई लॉरा लिडेल हे दोघेही रंगभूमीवरचे. जेफ्री यांचे मूळ आडनाव ब्रॅग. जन्मगाव केंडल, तेच नाव त्यांनी रंगमंचासाठी घेतले आणि पुढे सगळ्या कुटुंबाला ते चिकटले. थोरली मुलगी जेनिफर ही फेलिसिटी यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी. फेलिसिटी अवघ्या नऊ महिन्यांच्या असताना ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील तान्ह्या मुलाच्या भूमिकेत त्यांना रंगमंचावर आणले गेले.

जेफ्री यांनी ‘शेक्सपिअराना’ ही आपली फिरती कंपनी १९४७ मध्ये भारतात आणली. १९५३ मध्ये केंडल कुटुंब पुन्हा येथे आले आणि मग वर्षानुवर्षे राहिले. शाळांची सभागृहे, संस्थानिकांचे राजवाडे, मोठ्या शहरांतली नाट्यगृहे, जिथे बोलावणे येईल तिथे प्रयोग होत. माणसे मोजकी असल्याने एकाच नटाच्या वाट्याला दोन-तीन भूमिका येत. कंपनी हलली की धाकट्या मुलीची शाळाही बदले; अशा अनेक कॉन्व्हेंट शाळांतून फेलिसिटी यांचे शिक्षण झाले. मराठी नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे जग परके वाटणार नाही. याच कंपनीत शशी कपूर सामील झाले, १९५८ मध्ये त्यांचे आणि जेनिफर यांचे लग्न झाले आणि या दांपत्याने १९७८ मध्ये मुंबईत जुहू येथे पृथ्वी थिएटर उभारले.

या भटकंतीवर आधारलेला ‘शेक्सपिअरवाला’ हा चित्रपट १९६५ मध्ये आला. दिग्दर्शन जेम्स आयव्हरी यांचे, पटकथेत रूथ प्रवर झाबवाला यांचा वाटा आणि संगीत सत्यजित राय यांचे. दौऱ्यावरच्या इंग्रज नटकुटुंबातील मुलगी लिझी ही फेलिसिटी यांची भूमिका. तिचे आईवडील जेफ्री आणि लॉरा यांनीच साकारले. हिंदी सिनेमाच्या वाढत्या ओढीपुढे शेक्सपिअरचा प्रेक्षक कसा ओसरत गेला, हे त्यात फार हळुवारपणे दाखवले आहे. चित्रपटानंतर फेलिसिटी यांनी लंडन गाठले. फिरती रंगभूमी हीच खरी असे मानणाऱ्या वडिलांना हे जाणे रुचले नाही.

लंडनमधली सुरुवात संथ होती. १९७४ मध्ये ॲलन एकबर्न यांच्या ‘द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स’ या नाट्यत्रयीत त्यांनी ॲनीची भूमिका केली. याच नाटकात पेनेलोपी कीथही होत्या. या दोघींना पुढच्याच वर्षी बीबीसीच्या ‘द गुड लाइफ’ मालिकेत घेतले गेले आणि इंग्रजी दूरचित्रवाणीला विनोदी नटांची एक अपूर्व चौकडी मिळाली.

जॉन एस्मंड आणि बॉब लार्बी यांनी लिहिलेली ही मालिका १९७५ ते १९७८ या काळात दाखवली गेली. टॉम गुड चाळिशीला पोचतो, नोकरी सोडतो आणि लंडनजवळच्या सर्बिटनमधल्या आपल्या घराच्या बागेतच शेती सुरू करतो. बटाटे, डुकरे, कोंबड्या, जेराल्डीन नावाची शेळी असा सगळा पसारा उभा राहतो. शेजारी प्रतिष्ठेला जपणारी मार्गो आणि तिचा नवरा जेरी. टॉम झाले रिचर्ड ब्रायर्स, मार्गो पेनेलोपी कीथ, जेरी पॉल एडिंग्टन आणि टॉमची बायको बार्बरा फेलिसिटी केंडल.

कागदावर बार्बराचे पात्र धोक्याचे होते. नवऱ्याच्या लहरीला मान डोलावणारी गोड बायको, एवढ्यावरच ते थांबू शकले असते. केंडल यांनी तिला दमू दिले, चिडू दिले, हट्ट करू दिला. चिखलाचे बूट घालून आलेली बार्बरा टॉमच्या उत्साहाकडे क्षणभर नुसती बघते आणि वाक्य येण्याआधीच हशा पिकतो. बीबीसीच्या तेव्हाच्या रिवाजानुसार बाहेरची दृश्ये आधी चित्रित होत आणि घरातली दृश्ये स्टुडिओत, समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या साक्षीने. त्यामुळे हशा कुठे ओसरतो हे कानाने टिपून पुढचे वाक्य टाकावे लागे, आणि चेहरा मात्र कॅमेऱ्यापुरता लहान ठेवावा लागे. पहिली गोष्ट त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेली होती. दुसरी त्यांनी कमावली.

१९७७ चा नाताळ विशेष भाग याची साक्ष देतो. मागवलेले झाड सहा इंच कमी भरले म्हणून मार्गो नाताळचे सगळेच सामान परत पाठवते आणि शेवटी गुड दांपत्याच्या घरी, वर्तमानपत्राच्या टोप्या घालून सण साजरा होतो. टोपी कोणत्या वर्तमानपत्राची, यावरही मार्गो अडून बसते. हसवण्याची सूत्रे येथे कीथ यांच्याकडे आहेत. केंडल ती खुशीने सोडतात आणि दुसऱ्याचा विनोद फुलू देतात. हा उदारपणा फार थोड्या विनोदी नटांत असतो. मालिकेचा अखेरचा भाग १९७८ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत चित्रित झाला.

या लोकप्रियतेचा एक तोटा झाला. वृत्तपत्रांनी त्यांच्या रूपाचाच इतका गाजावाजा केला की कसबाकडे दुर्लक्ष झाले. कार्ला लेन यांनी लिहिलेल्या ‘सोलो’ आणि ‘द मिस्ट्रेस’ या मालिकांत त्या एकटेपणाशी आणि अवघड नात्यांशी झगडणाऱ्या स्त्रियांच्या भूमिकांत दिसल्या.

खरे मोठे काम रंगभूमीवर चालूच होते. १९७९ मध्ये नॅशनल थिएटरच्या ‘अमेडियस’मध्ये मोझार्टची पत्नी कॉन्स्टान्झ, त्यापाठोपाठ ऑथेल्लोची डेस्डिमोना. मग टॉम स्टॉपर्ड यांची नाटके आली : ‘द रिअल थिंग’ १९८२ मध्ये, ‘हॅपगुड’ १९८८ मध्ये, ‘आर्केडिया’ १९९३ मध्ये. स्टॉपर्ड यांचे संवाद बुद्धीला ताण देणारे असतात. ते सहज, जिवंत आणि हसवणारे वाटावेत यासाठी लागणारी नेमकी लय केंडल यांच्यापाशी होती. १९९५ च्या ‘इंडियन इंक’मध्ये १९३० च्या भारतात आलेली कवयित्री फ्लोरा क्रू त्यांनी साकारली. त्याच वर्षी त्यांना सीबीई हा किताब मिळाला. जेनिफर १९८४ मध्येच गेल्या होत्या, आई १९९२ मध्ये. वडिलांचे निधन १९९८ मध्ये झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले ‘व्हाइट कार्गो’ हे आत्मकथन भारतातले बालपण आणि वडिलांशी असलेले प्रेमाचे, ओढाताणीचे नाते यांनी भरलेले आहे.

२००३ पासून आयटीव्हीच्या ‘रोझमेरी अँड थाइम’मध्ये पॅम फेरिस यांच्यासोबत त्यांनी बागा सांभाळता सांभाळता गुन्हे उकलणारी रोझमेरी रंगवली. २०२३ च्या प्रारंभी लंडनच्या फीनिक्स थिएटरमध्ये मायकेल फ्रेन यांच्या ‘नॉइजेस ऑफ’ या प्रहसनात त्या डॉटी ऑटली झाल्या. सार्डिन माशांच्या ताटल्या, धडाधड उघडणारी-मिटणारी दारे आणि क्षणाचाही हिशेब चुकू न देणारी धावपळ असलेली ही भूमिका त्यांनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी केली.