शर्यतीच्या मोटारींतील कॅमशाफ्ट : त्याची घडण व झीज



घरांतील जुन्या धर्तीच्या शिवणयंत्राचा बाजूचा पत्रा काढून आपण कधीं आंत डोकावलां असाल, तर दोरा ओढणारा दांडा एका खांचेदार, वाटोळ्या तुकड्याच्या तालावर खालींवर नाचतांना आपणांस दिसला असेल. तो तुकडा म्हणजे कॅम. फिरत्या गतीपासून हवी तशी वरखालीं गति मिळवून देणें हें त्याचें काम. मोटारीच्या इंजिनांतील झडपा उघडण्यासाठीं असेच कॅम एका दंडावर ओळीनें बसविलेले असतात. त्या दंडाला कॅमशाफ्ट म्हणतात. आज मी बोलणार आहें तें या कॅमच्या घडणीविषयीं, आणि ती घडण झिजली कीं नाहीं हें घरच्या घरीं मोजून पाहणाऱ्या हौशी शर्यतवाल्यांविषयीं.

कांहीं वर्षांपूर्वीं नोकरीच्या निमित्तानें बर्मिंगहॅमनजीक राहण्याचा योग मला आला. शेजारचे गृहस्थ पेशानें शिक्षक. पण शनिवार-रविवार त्यांचे हात काळ्या तेलानें माखलेले असत. त्यांच्यापाशीं एक जुनी मिनी होती, आणि ती घेऊन ते मॅलरी पार्कच्या हौशी शर्यतींत उतरत. तिचें इंजिन १२७५ घन सेंटिमीटरचें. हें इंजिनांचें घराणें १९५१ सालीं ऑस्टिन ए-३० या गाडीपासून सुरू झालें, १९५९ सालीं मिनींत शिरलें आणि २००० सालापर्यंत टिकलें. चार सिलिंडर, आठ झडपा, आठ कॅम. कॅम इंजिनाच्या पोटांत खालीं. त्यांच्यावर सपाट तोंडाचे टॅपेट, टॅपेटांवर उंच काड्या, आणि त्या काड्यांनीं हालणाऱ्या तरफा वरून झडपा दाबतात.

इंजिन मिनिटास ७००० फेरे करीत असतां कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे ३५०० फेरे करतो. प्रत्येक झडप सेकंदास ५८ वेळां उघडते नि मिटते. स्प्रिंगेचा सारा दाब कॅम व टॅपेट यांच्यामधल्या एका अरुंद रेषेवर येतो. ती रेषा एकाच जागीं घासूं नये म्हणून कॅमला किंचित् उतरण दिलेली असते आणि टॅपेटाचें तोंड नजरेस न दिसेल इतकें फुगीर केलेलें असतें. त्यामुळें टॅपेट काम करतांकरतां स्वतःभोंवतीं सावकाश फिरत राहतो. त्याचें हें फिरणें थांबलें कीं झीज सुरू झालीच म्हणून समजावें. नवा कॅम बसविल्यावर पहिलीं वीस मिनिटें इंजिन मंद न चालवितां मिनिटास दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवावें, असा जाणत्यांचा सांगावा आहे. मंद चालींत कॅमवर तेल पुरेसें उडत नाहीं. तेलाचीही एक गोष्ट आहे. जस्त व फॉस्फरस यांचें एक संयुग तेलांत मिसळलेलें असे, तें या घासणीपासून कॅमला सांभाळी. पुढें धुराड्यांत धूर शुद्ध करणारीं साधनें आलीं, फॉस्फरस त्यांना बाधूं लागला, आणि नव्या तेलांतलें त्याचें प्रमाण उतरलें. जुन्या इंजिनांच्या मालकांना म्हणून तेलाच्या डब्यावरचा मजकूर पंचांगासारखा वाचावा लागतो !

आतां मोजणीकडे वळूं. मायक्रोमीटरनें कॅम शेंड्यापासून टांचेपर्यंत मोजावा, मग आडवा मोजावा, आणि वजाबाकी करावी, म्हणजे त्याची उचल कळते. काम पांच मिनिटांचें. पण उचल म्हणजे घडण नव्हे. दोन कॅमांची उचल केसाइतकीही वेगळी नसेल, तरी एक झडप लौकर उघडून उशिरां मिटवील आणि दुसरा तसें करणार नाहीं. शर्यतींतला जोम आणि बाजारांत जातांनाची चाल यांतला फरक तेथेंच असतो.

ही घडण टिपण्यास ३६० अंशांची तबकडी आणि डायल गेज अशीं दोन साधनें पुरतात. दंड अंशाअंशानें फिरवावयाचा आणि कॅमनें किती उचललें तें वहींत लिहावयाचें. कॅमचा शेंडा नेमका कोठें आहे, हें डोळ्यांनीं ठरवूं नये. तेथें कांटा कित्येक अंश जागचा हालत नाहीं. चढतांना १ मिलिमीटर उचल कोणत्या अंशावर होती आणि उतरतांना कोणत्या, तें पाहून मध्य काढावा. दट्ट्याचें सर्वांत वरचें स्थान काढतांनाही हीच युक्ति. वाटेंत एक अडसर ठेवावा, दट्ट्या दोन्ही बाजूंनीं त्यावर टेकवावा, आणि दोन अंशांचा मध्य घ्यावा. गेजची दांडीही कॅमच्या चालीला समांतर हवी. ती दहा अंश कलली, तर ६.३५ मिलिमीटर उचलेंत ०.१ मिलिमीटरची खोटी भर पडते.

हें सारें मला ठाऊक होतें. आणि तरीही मी चुकलों. शेजाऱ्यांनीं एका कारागिराकडून शर्यतीसाठीं नवी घडण घासून घेतलेला कॅमशाफ्ट आणला. सोबत कारागिराच्या अक्षराचें कार्ड होतें. बसविण्यापूर्वीं मी तो व्ही-ब्लॉकवर ठेवून मोजला. उचल कार्डाशीं तंतोतंत जुळली. परंतु झडप उघडी राहण्याचा काळ सुमारे तीस अंशांनीं कमी भरला. तीन रात्री मी तेंच मोजलें, आणि तिन्ही रात्रीं तोच आकडा आला. तोच तोच आकडा येणें म्हणजे आकडा खरा असणें, असें मीं मानलें. शेजाऱ्यांनीं संतापून कारागिराला पत्र लिहिलें. त्यांत फसवणूक हा शब्द होता, आणि आधार माझ्या वहीचा होता. उलट टपालीं एक ओळ आली : गेजच्या टोंकाला काय लावलें होतें ?

लावली होती बारीक गोळी. सपाट टॅपेट कॅमला केवळ आपल्या मधोमध शिवत नाहीं. कॅमचा उतार खालीं येतांच स्पर्शाची जागा टॅपेटाच्या कडेकडे सरकते, आणि म्हणून तो आधींच उचलला जातो. माझी गोळी मात्र मधल्या रेषेवरच्या धातूचीच उंची सांगत होती. टांचेवर आणि शेंड्यावर दोघांची साक्ष एकच, म्हणून उचल बरोबर आली. उतारांवर मात्र तफावत. आम्हीं कॅमशाफ्ट इंजिनांत बसविला, तरफा काढून घेतल्या, आणि गेजचें टोंक टॅपेटावरच्या काडीच्या वाटींत ठेवून पुन्हां मोजलें. कार्ड खरें होतें. क्षमापत्र कोणीं लिहावें याची चर्चा झाली नाहीं. तें मींच लिहिलें.

वहीच्या आकड्यांवरून झडपेचा प्रवेग काढण्याचा मोहही त्या वेळीं झाला होता. गणित सोपें आहे, पण एकेका अंशाला जो आकडा हातीं येतो तो मिलिमीटरच्या शतांशाहूनही लहान, आणि माझ्या गेजची चूक शतांशाएवढी. मूळ चूक दोनदां वजाबाकी करतांना चौपटही होऊं शकते. तो कागद मीं फाडून टाकला.

झीज शोधण्यास मात्र इतक्या सूक्ष्मतेची गरज पडत नाहीं. कॅम एकमेकांशीं ताडून पाहिले कीं झालें. मोसमाची अखेरची शर्यत रविवारीं होती. शनिवारीं सकाळीं शेजारी म्हणाले, चढावर गाडी अडखळते. काड्यांवरून आठही कॅम मोजले. या इंजिनांत २, ३, ६ आणि ७ हे आवक झडपांचे कॅम. त्यांतले तीन एकमेकांशीं ०.०२ मिलिमीटरच्या आंत जुळले, सहावा ०.३१ नें खुजा. त्या एका दिवसापुरतें तें इंजिन धांवलें असतें, हें आम्हां दोघांनाही कळत होतें. पण गेलेलें पोलाद गेलें कोठें ? तेलाची गाळणी कापून उलगडली, तों घडीघडींत काळसर चुरा. लोहचुंबक नेतांच तो उभा राहिला. तोच चुरा बेअरिंगांतून फिरत होता. शेजाऱ्यांनीं संयोजकांना दूरध्वनि करून आपलें नांव मागें घेतलें, आणि रविवारीं आम्ही दोघांनींही शर्यत कुंपणाबाहेरून पाहिली.

पुढल्या आठवड्यांत इंजिन उकललें. बाकीच्या सात टॅपेटांच्या तोंडांवर वर्तुळाकार ओरखडे होते. सहाव्याच्या तोंडांत बशीसारखा खळगा, आणि त्यावरच्या रेघा सरळ, एकाच दिशेच्या होत्या. तो फिरावयाचा केव्हांच थांबला होता.