कुलाब्याचें अफगाण चर्च



यवतमाळकडील कुटुंब मुंबई पाहावयास निघालें म्हणजे धामणगांवास आगगाडींत बसतांनाच त्याची यादी तयार असते. गेटवे, राणीचा बाग, वस्तुसंग्रहालय, चौपाटी. इतकें झालें कीं मुंबई झाली. कुलाब्याच्या टोंकाकडे, आरमारी वसाहतीच्या वाटेवर, उंच शिखराचें एक दगडी चर्च आहे. तिकडे वळणारे थोडे. आणि जे वळतात तेही रंगीत कांचा पाहून, शिखराकडे मान वर करून परततात. भिंती वाचणारा विरळा. वास्तविक हें चर्च पाहण्यापेक्षां वाचण्याचेंच आहे.

त्याचें खरें नांव संत जॉनचें. पण मुंबईकरांनीं त्याला अफगाण चर्च म्हटलें, आणि तेंच अधिक यथार्थ आहे. १८३८ सालीं कंपनी सरकारनें काबूलच्या गादीवर आपल्या मर्जींतला शाह शुजा बसविण्याचा घाट घातला. तो बसला, पण टिकला नाहीं. जानेवारी १८४२ मध्यें सुमारें साडेचार हजार लढवय्ये आणि बारा हजार बाजारबुणगे भर बर्फांतून काबूलहून माघारीं निघाले. ता. १३ रोजीं जलालाबादच्या तटापाशीं डॉक्टर ब्रायडन हा एकटाच गोरा अधिकारी जखमी होऊन पोंचला. मागाहून कांहीं हिंदी शिपाईही जीव घेऊन आले, कांहीं गुलाम म्हणून विकले गेले. परंतु इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत अजून ब्रायडनच तेवढा परत येतो!

या युद्धांत व सिंधच्या मोहिमांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ १८४७ च्या डिसेंबरांत चर्चचा पाया घातला गेला. ७ जानेवारी १८५८ रोजीं त्याची प्रतिष्ठा झाली. आराखडा हेन्री कॉनिबिअरचा. मुंबईला विहार तलावाचें पाणी देणारा इंजिनिअर तो हाच. शिखर १८६५ मध्यें पुरें झालें. त्याची उंची १९८ फूट. बंदरांत शिरणाऱ्या गलबतांना ती लांबून खूण होई. शिखराच्या खर्चाला सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थांनीं हात दिला.

आतां भिंतीकडे वळूं. वेदीच्या परिसरांत मृत अधिकाऱ्यांचीं नांवें लिहिलेलीं आहेत. त्यांच्या वंशांतला कोणी सातासमुद्रांपलीकडून आला, तर त्याला त्या अक्षरांवरून बोट फिरवितां येईल. पण त्याच लेखांत पुढें असा आशय आहे कीं, हुद्देदार व साधे शिपाई इतके पडले कीं त्यांचीं नांवें अशीं नोंदणें शक्य नाहीं. तरवारीनें किंवा रोगानें, कर्तव्य स्मरत ते पडले, एवढेंच त्यांच्याविषयीं सांगितलें आहे. लिहिणाऱ्याच्या मनांत अनादर नसेल; तथापि पुष्कळ मेले म्हणून नांवें नाहींत, हें कारण मोठें विलक्षण आहे.

त्या पुष्कळांत कोण होते? बलुचिस्तानांतील काहूनचा किल्ला १८४० च्या मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत मुंबई लष्कराच्या पांचव्या पलटणीच्या मूठभर शिपायांनीं कॅप्टन ब्राउनच्या हाताखालीं राखला. त्यांच्या सुटकेला निघालेली तुकडी ३१ ऑगस्ट रोजीं नफूस्कच्या खिंडीशीं अडली, आणि तेथें लढाईपेक्षां तहानेनें अधिक घात केला. हीच पलटण पुढें मराठा लाइट इन्फंट्रींत आली आणि ‘काळी पांचवी’ म्हणून गाजली. ब्राउनचें नांव इतिहासांत राहिलें. तटावर पाहरा देणारे मात्र एका आंकड्यांत मावले.

नांवें लिहितां येत नव्हतीं असें मात्र नाहीं. या चर्चच्या पायाभरणीच्या पंचवीस वर्षें आधीं त्याच कंपनी सरकारनें पुण्याजवळ कोरेगांवास, १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ उभारला. त्यावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांतील बावीस ‘नाक’ या प्रत्ययानें संपतात. म्हणूनच महार समाजाला तो दगड आपला वाटला, आणि १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें गेले. आज त्या दिवशीं तेथें लोटणारा जनसमुदाय स्थापत्य पाहावयास येत नाहीं.

पुढें पहिलें महायुद्ध झालें. त्यानंतर आपल्याकडील कित्येक खेड्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत लहानशा संगमरवरी पाट्या बसल्या. गांवांतून अमुक इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकीं अमुक इतके कामास आले, एवढाच त्यांवरील मजकूर. नांव एकाचेंही नाहीं. पण खेडें लहान. ज्या तिघांचा किंवा चौघांचा तो आंकडा, त्यांचीं घरें तेव्हां साऱ्या गांवाला ठाऊक होतीं. पाटीखालून जाणारी म्हातारी वाचतां येत नसतांही तेथें क्षणभर थांबत असेल. आतां त्या पाट्यांवर चुन्याचे हात बसले आहेत, आणि शाळेंतलीं मुलें आंकडा तेवढा वाचून पुढें जातात.